कैरी पडली, टोपली धरा! कोडिंगचा गंध नसताना पहिला गेम कसा बनवायचा

मे महिन्याच्या सुट्टीत भाचा घरी आला होता, वय अकरा, आणि त्याला गेम बनवायचा होता. खेळायचा नाही, बनवायचा. कसला तर बंदुकीवाला, शंभर जण ऑनलाइन, वरून हेलिकॉप्टर, मध्ये नदी वगैरे. मी म्हटलं बाबा रे, आपल्याकडे चार जीबी रॅमचा जुना लॅपटॉप आहे आणि तुझा मामा कॉमर्सवाला आहे, आपण आधी कैऱ्या पाडूया. तो रुसला. पण दुसऱ्या दिवशी रात्री जेवायला बोलावलं तरी उठेना, कारण त्याच्या आजीने त्याच्यापेक्षा जास्त कैऱ्या पकडल्या होत्या.

तर हा लेख त्या कैरीच्या गेमबद्दल आहे. झाडावरून कैऱ्या पडतात, खाली टोपली डावीकडे-उजवीकडे सरकवायची, साठ सेकंदात जेवढ्या मिळतील तेवढ्या. मध्येमध्ये दगडपण पडतात, कारण कैऱ्या पाडायला पोरांनी मारलेले दगड शेवटी कुठेतरी खाली येणारच. बस एवढंच. दोन संध्याकाळी लागतात, खर्च शून्य, आणि तुम्हाला जर वजाबाकी-भागाकार येत असेल तर बाकी काही यायला नको, खरंच.

कुठलं सॉफ्टवेअर

फुकट टूल्स भरपूर आहेत आणि नवीन माणसाचा निम्मा आठवडा "कुठलं चांगलं" याच्या व्हिडिओंमध्येच जातो. मी सरळ सांगतो, पहिला गेम स्क्रॅचमध्ये करा. अमेरिकेतल्या एमआयटी मीडिया लॅबमध्ये मिचेल रेझनिक यांच्या टीमने ते बनवलं, २००७ साली सगळ्यांसाठी खुलं झालं, आणि सध्याचं ३.० व्हर्जन जानेवारी २०१९ मध्ये आलं. त्याच्यात कोड टाईप करायचा नसतो, रंगीत ठोकळे एकमेकांना जोडायचे असतात. लहान मुलांसाठी आहे म्हणून नाक मुरडू नका, मी चाळिशीचा आहे आणि मला त्यातूनच कळलं की लूप म्हणजे काय.

ब्राउजरमध्ये डायरेक्ट चालतं, खातं काढायची पण गरज नाही, फक्त काम संपल्यावर फाइल मेन्यूतून आपल्या कॉम्प्युटरवर सेव्ह करायला विसरू नका. नेट सारखं जात असेल तर ऑफलाइन ॲप उतरवून घ्या. लिनक्सवाल्यांनी टर्बोवार्प नावाचं घ्या, ते स्क्रॅचचंच वेगवान भावंड आहे, फाइली पण त्याच चालतात. फोनवर मात्र बनवायच्या भानगडीत पडू नका, स्क्रीन छोटी पडते आणि ठोकळा एकीकडे धरला की दुसरीकडेच चिकटतो. खेळायला फोन ठीक आहे, त्याचं शेवटी सांगतो.

एक महत्त्वाची गोष्ट आत्ताच सांगून ठेवतो नाहीतर नंतर डोकं खाजवाल. या लेखात मी आकडे देवनागरीत लिहिलेत पण स्क्रॅचच्या आकड्यांच्या खिडकीत इंग्रजी आकडेच टाकावे लागतात, देवनागरी आकडा ती खिडकी घेतच नाही. नावं मात्र मराठीत चालतात. आमच्या गेममध्ये "कैऱ्या", "वेळ", "वेग" अशीच नावं आहेत आणि त्याने समजायला भयंकर सोपं जातं.

आधी कागद

लॅपटॉप उघडायच्या आधी एक पान घ्या आणि स्क्रीनचा चौकोन काढा. टोपली कुठे, कैरी कुठून येणार, स्कोअर कुठल्या कोपऱ्यात. खाली तीन ओळी लिहा: खेळणारा काय करतो, कशाने पॉइंट मिळतात, गेम कधी संपतो. या तिन्हीचं उत्तर एकेका वाक्यात येत नसेल तर गेम अजून मोठा आहे, छाटा. भाच्याच्या पहिल्या कागदावर माकड, वॉचमन, कुंपण, लोणच्याची बरणी आणि लेव्हल दोनमध्ये काजू होते. सगळं छाटलं. बरणी तो अजून मागतोय.

स्क्रॅचचा पडदा

स्क्रॅच उघडलं की उजवीकडे एक मांजर उभी दिसते. तो पडदा म्हणजे स्टेज. स्टेज ४८० रुंद आणि ३६० उंच असतं आणि शाळेत आलेख काढायचो तसं त्याच्या बरोब्बर मध्यभागी शून्य असतं. म्हणजे एक्स डावीकडे -२४० पासून उजवीकडे २४० पर्यंत, आणि वाय खाली -१८० पासून वर १८० पर्यंत. हे एवढं पाठ करा, पुढचा सगळा हिशोब यावर आहे.

डावीकडे ठोकळ्यांचे गट आहेत, रंगाने ओळखायचे. निळे हलवण्याचे म्हणजे मोशन, पिवळे इव्हेंट, नारिंगी कंट्रोल, हिरवे गणिताचे, फिकट निळे सेन्सिंगचे, जांभळे दिसण्याचे. पडद्यावर जी प्रत्येक वस्तू असते तिला स्प्राइट म्हणतात आणि प्रत्येक स्प्राइटचे ठोकळे वेगळे. नवीन माणसाची सगळ्यात मोठी चूक हीच, कैरी निवडलेली असते आणि टोपलीचे ठोकळे तिला लावत बसतो. आधी खाली बघा कुठला स्प्राइट निवडलाय, मग जोडा. मांजरीला रजा द्या, तिच्या चित्राच्या कोपऱ्यातल्या कचराकुंडीवर क्लिक करा.

चित्रं

टोपलीसाठी स्क्रॅचच्या लायब्ररीत एक वाडगा आहे तो आत्तापुरता चालेल, कैरीसाठी सफरचंद घेऊन हिरवं करा किंवा स्वतः काढा. कॉश्च्यूम टॅबमध्ये गोल काढायचा, रिशेप टूलने एका बाजूला नाक ओढायचं, हिरवा रंग, झाली कैरी. चित्र काढताना मधोमध जी छोटी अधिकची खूण दिसते ना, चित्र त्याच्यावरच बसवा, कारण वस्तूची जागा त्या बिंदूवरून मोजतात. आमची टोपली बाजूला काढली गेली होती आणि अर्धा तास आम्हाला कळेना की ती उजव्या भिंतीत का घुसते.

साइज साधारण अशी ठेवा की टोपली ८० रुंद आणि कैरी ३० रुंद दिसेल, अंदाजाने चालेल. आणि या पायरीवर पंधरा मिनिटांच्या वर घालवू नका. सुंदर चित्रं नंतर टाकता येतात, ठोकळे तेच राहतात. पहिल्या दिवशीच पानांच्या शिरा रंगवत बसलेला माणूस दुसऱ्या दिवशी गेम पूर्ण करत नाही हे मी स्वतःवरून सांगतो.

टोपली हलवायची

टोपली निवडा. पिवळ्या गटातून "व्हेन फ्लॅग क्लिक्ड" ओढा, म्हणजे हिरव्या झेंड्यावर क्लिक केल्यावर काय करायचं ते. त्याच्याखाली "गो टू एक्स ०, वाय -१४०". मग नारिंगी "फॉरएव्हर", म्हणजे गेम चालू आहे तोवर करतच राहा. त्या फॉरएव्हरच्या पोटात दोन "इफ देन" टाका. पहिल्याच्या अटीत "की राइट ॲरो प्रेस्ड" आणि आत "चेंज एक्स बाय १०". दुसऱ्यात लेफ्ट ॲरो आणि "चेंज एक्स बाय -१०". झेंडा दाबा, बाण दाबा, टोपली पळते. इथे पोरं ओरडतात.

आता तुम्ही म्हणाल पिवळ्या गटात "व्हेन राइट ॲरो की प्रेस्ड" असा तयार ठोकळा आहे की, तो का नाही? लावून बघाच. टोपली एकदा हलते, क्षणभर थबकते, मग भराभर पळते. वर्डमध्ये एखादं अक्षर दाबून धरलं की कसं आधी एक उमटतं आणि मग रांग लागते, तोच प्रकार. फॉरएव्हरच्या आतली अट मात्र दर फ्रेमला, म्हणजे स्क्रॅच पडद्यावरचं चित्र नव्याने काढतं त्या प्रत्येक वेळी, विचारते की बाण अजून दाबलेला आहे का, म्हणून हालचाल गुळगुळीत होते.

कैरी पाडायची, आणि ती खरी कशी वाटेल

इथे जरा थांबून वाचा, लेखातला सगळ्यात महत्त्वाचा भाग हा आहे.

कैरी एकच बनवायची आणि तिच्या कॉप्या पाडायच्या, त्याला स्क्रॅचमध्ये क्लोन म्हणतात. मूळ कैरी कायम लपलेली. तर कैरीला झेंड्याखाली लावा: "हाइड", मग फॉरएव्हर, आत "क्रिएट क्लोन ऑफ मायसेल्फ" आणि "वेट १ सेकंद".

आता व्हेरिएबलच्या (म्हणजे आकडा साठवायच्या, नाव दिलेल्या डब्याच्या) गटात जाऊन "वेग" नावाचं व्हेरिएबल बनवा आणि बनवताना "फॉर धिस स्प्राइट ओन्ली" हा पर्याय निवडा. हा नाही निवडला तर सगळ्या कैऱ्यांमध्ये एकच वेग वाटला जाईल, नवीन कैरी आली की तिने वेग शून्य केला की हवेतल्या बाकीच्या कैऱ्या पण दचकून थांबतील आणि परत पहिल्यापासून पडायला लागतील. बघायला मजेशीर असतं, पण गेम गेला. हा पर्याय निवडला की प्रत्येक क्लोनचा वेग त्याचा स्वतःचा.

मग "व्हेन आय स्टार्ट ॲज अ क्लोन" घ्या. त्याच्याखाली: वेग ० करा, "गो टू एक्स" मध्ये हिरव्या गटातलं "पिक रँडम -२२० टू २२०" बसवा आणि वाय १७०, मग "शो". मग "रिपीट अनटिल" आणि त्याच्या अटीत हिरवा "ऑर": एका बाजूला "टचिंग टोपली", दुसऱ्या बाजूला "वाय पोझिशन -१७० पेक्षा कमी". रिपीटच्या पोटात दोनच ठोकळे, "चेंज वेग बाय -०.२" आणि "चेंज वाय बाय वेग". रिपीट संपल्यावर, त्याच्या खाली, "इफ टचिंग टोपली देन" कैऱ्या १ ने वाढवा. आणि सगळ्यात शेवटी "डिलीट धिस क्लोन".

कैऱ्या मोजायचं व्हेरिएबल मात्र सगळ्या स्प्राइटसाठी ठेवा, उलटा प्रकार करू नका.

सरळ "चेंज वाय बाय -५" केलं तरी कैरी पडते, मग हा वेगाचा खटाटोप कशाला? दोन्ही करून बघा. एकसारख्या वेगाने येणारी कैरी लिफ्टमधून उतरल्यासारखी वाटते. वेग वाढत गेला की ती पडल्यासारखी वाटते, कारण खऱ्या जगात तसंच होतं. गंमत म्हणजे दोन्हीला वेळ जवळपास तेवढाच लागतो. स्क्रॅच एका सेकंदात ३० वेळा चित्र काढतं. -५ ने ३४० अंतर कापायला ६८ फ्रेम, म्हणजे सव्वादोन सेकंद. वाढत्या वेगाने साधारण ५८ फ्रेम, म्हणजे दोन सेकंदाला किंचित कमी. वेळ जवळपास तीच पण एक गेम वाटतो आणि दुसरा ऑफिसचा प्रेझेंटेशन.

दोन खड्डे सांगतो जिथे आम्ही पडलो. पहिला, अट -१७० ऐवजी -१८० लिहिली. दिसायला बरोबर आहे कारण पडदा तिथेच संपतो, पण स्क्रॅच कुठल्याच वस्तूला पडद्याबाहेर पूर्ण जाऊ देत नाही, थोडी कड आत धरून ठेवतं, त्यामुळे आमची बारकी कैरी तळाला अडकून बसायची आणि अट कधी खरीच व्हायची नाही. हळूहळू खाली कैऱ्यांचा सडा. आणि क्लोन एका वेळी ३०० च असू शकतात, तेवढे झाले की नवीन कैरी पडायचीच बंद, आणि कुठेही एरर नाही.

दुसरा खड्डा, पॉइंट देणारा इफ आम्ही आधी फॉरएव्हरमध्ये टाकला होता आणि कैरी लगेच पुसली नव्हती. त्यामुळे कैरी टोपलीला टेकून आहे तितक्या सगळ्या फ्रेम पॉइंट मिळत राहिले, एका कैरीला अकरा पॉइंट. भाच्याला हा बग फार आवडला. रिपीट संपल्यावर एकदाच तपासायचं आणि लगेच डिलीट, असं केलं की एका कैरीला एकच पॉइंट.

घड्याळ आणि हिशोब

"वेळ" नावाचं व्हेरिएबल करा, सगळ्यांसाठी. आता खाली उजवीकडे स्टेज निवडा, मोशनचे ठोकळे तिथे नसतात, घाबरू नका, स्टेज हलत नाही म्हणून नसतात. झेंड्याखाली कैऱ्या ० करा, वेळ ६० करा, मग "रिपीट ६०" आणि त्याच्यात "वेट १" आणि "चेंज वेळ बाय -१". रिपीटच्या खाली बॅकड्रॉप (म्हणजे मागचं चित्र) बदलून "संपलं" लिहिलेला लावा आणि "स्टॉप ऑल". स्टॉप ऑल झालं की हवेतले क्लोन आपोआप गायब होतात, त्यांना वेगळं पुसायला नको. फक्त झेंड्याखाली पहिल्यांदाच मूळ बॅकड्रॉप परत लावायला विसरू नका, नाहीतर दुसरा डाव "संपलं" च्या पाटीवरच खेळाल.

आता कैरीच्या फॉरएव्हरमध्ये जाऊन "वेट १" काढा आणि त्याच्या जागी हिरवे ठोकळे वापरून वेळ भागिले ६० अधिक ०.३ असं बसवा. सुरुवातीला वेळ ६० असते म्हणजे १.३ सेकंदाला एक कैरी, शेवटी वेळ शून्याकडे जाते म्हणजे ०.३ सेकंदाला एक. गेम आपोआप अवघड होत जातो, एका ओळीत. पूर्ण डावात अशा ८०-९० कैऱ्या पडतात.

आता कागद घ्या परत, कारण मजा इथे आहे. टोपली फ्रेमला १० सरकते, म्हणजे सेकंदाला ३००. कैऱ्या -२२० ते २२० मध्ये पडतात, म्हणजे पूर्ण रुंदी ४४०, या टोकापासून त्या टोकाला जायला दीड सेकंद. कैरी पडायला जवळपास दोन सेकंद. म्हणजे एकटी कैरी कुठेही पडली तरी तुम्ही पोचू शकता, नाही पोचलात तर चूक तुमची. पण शेवटच्या दहा सेकंदात कैऱ्या ०.३ ते ०.५ सेकंदाला येतात, तेव्हा सगळ्या पकडणं शक्यच नाही, कुठली सोडायची ते ठरवावं लागतं. सुरुवात सोपी, शेवट दमवणारा, आणि हरल्यावर माणूस "अजून एकदा" म्हणतो. हे ग्राफिक्सने होत नाही, या तीन-चार आकड्यांच्या एकमेकांशी नात्याने होतं. टोपलीचा वेग १० चा ४ करा, दहा मिनिटांत माणूस चिडून उठेल. २० करा, कंटाळेल.

अजून एक हिशोब. टोपली ८० रुंद, कैरी ३०, म्हणजे टोपली मधोमध ठेवून चहा प्यायला गेलात तरी ११० च्या पट्ट्यातली कैरी आपसूक मिळते. ४४० पैकी ११०, म्हणजे पाव. ८८ कैऱ्या धरल्या तर काही न करता २२ च्या आसपास. म्हणजे "२० कैऱ्या पकडल्या की जिंकलात" असं ठेवलं तर गेमला अर्थच नाही. आम्ही पन्नासला "शाब्बास" आणि पासष्टला "आंबेवाले" असा किताब ठेवला. आजी एकसष्टवर अडकली आहे.

दगड

खालच्या यादीत कैरीवर राइट क्लिक करून डुप्लिकेट करा, ठोकळे आणि वेग सकट सगळं कॉपी होतं. चित्र बदलून करडा दगड काढा. पॉइंट १ ऐवजी -३. वेट रँडम २ ते ५ सेकंद. आणि झेंड्याखाली हाइडनंतर, फॉरएव्हरच्या आधी, "वेट १०" टाका म्हणजे पहिले दहा सेकंद दगड पडणार नाहीत. खेळणाऱ्याला आधी कैऱ्या पकडायची सवय लागू दे, मग त्याला दगा द्या. सूचना लिहायची गरज पडत नाही, पहिल्या दगडाला तीन पॉइंट गेले की माणूस आपोआप शिकतो.

दगड आणि कैरी एका नजरेत वेगळे दिसले पाहिजेत, नुसत्या रंगावर अवलंबून राहू नका कारण हिरवा-करडा फरक सगळ्यांना नीट दिसत नाही. आकार वेगळा ठेवा, दगड कोपरे असलेला.

आवाज

आवाजाशिवाय गेम मुका वाटतो, आणि हे सगळ्यात स्वस्तातलं काम आहे. साउंड टॅबमध्ये माइकचं बटण आहे, टोपलीवर टिचकी मारून रेकॉर्ड करा. कैरी पकडली की हा आवाज. फक्त आवाजाचा ठोकळा कैरीत टाकू नका, कारण कैरी लगेच डिलीट होणार आहे. कैरीतून "ब्रॉडकास्ट पकडली" असा निरोप पाठवा आणि टोपलीत "व्हेन आय रिसीव्ह पकडली" खाली "स्टार्ट साउंड". "प्ले साउंड अनटिल डन" घेऊ नका, तो आवाज संपेपर्यंत त्याच्या खालचे ठोकळे थांबवून ठेवतो.

दगड लागल्यावर आमच्याकडे आजीच्या आवाजात "अरे देवा" येतं. रेकॉर्डिंगमध्ये पंखा फार ऐकू येत असेल तर ऑडॅसिटी हे फुकट सॉफ्टवेअर आहे, त्याच्यात आवाज कापता आणि साफ करता येतो. जुन्या व्हिडिओ गेमसारखे टुंग-टुंग आवाज हवे असतील तर एसएफएक्सआर नावाचं बारकं फुकट टूल आहे, बटण दाबत जा, नवनवीन आवाज बनवत जातं.

सिनेमातलं गाणं टाकू नका. घरात खेळायला कोण विचारत नाही, पण गेम लोकांना द्यायचा असेल तर ते दुसऱ्याच्या मालकीचं आहे. चित्रं आणि आवाज हवेच असतील तर केनी नावाच्या साइटवर हजारो चित्रं सीसी-झिरो लायसन्सवर आहेत, म्हणजे कशालाही वापरा, नाव दिलं नाही तरी चालतं. ओपनगेमआर्टवर पण खजिना आहे पण तिथे प्रत्येक वस्तूचं लायसन्स वेगळं, वाचूनच घ्या.

दुसऱ्याच्या हातात द्या, आणि गप्प बसा

गेम झाला की घरातल्या अशा माणसाला द्या ज्याने तो बनताना बघितलेला नाही. आणि तोंड उघडायचं नाही. "बाण दाब बाण" असं सांगितलंत की टेस्ट वाया. आमच्याकडे वहिनीने सरळ माउसने टोपली ओढायचा प्रयत्न केला, बाण तिला सुचलेच नाहीत. त्यातून सुचलं की दोन्ही ठेवूया. टोपलीच्या फॉरएव्हरमध्ये "इफ माउस डाउन देन सेट एक्स टू माउस एक्स" एवढं टाकलं, आणि त्याचा बोनस म्हणजे फोनवर बोटाने पण चालायला लागलं कारण बोट म्हणजे फोनचा माउसच. मात्र असं केलं की टोपली क्षणात कुठेही पोचते आणि वरचा दीड सेकंदाचा सगळा हिशोब कोसळतो. मग आम्ही माउस एक्स टोपलीच्या उजवीकडे असेल तर १०, डावीकडे असेल तर -१० असं केलं. हे तुम्ही स्वतः जोडून बघा, दोन इफ आहेत.

लोकांना कसा द्यायचा

स्क्रॅचच्या साइटवर खातं काढून शेअर करता येतो, फक्त तिथे टाकलेला प्रोजेक्ट क्रिएटिव्ह कॉमन्स लायसन्सखाली जातो, म्हणजे कोणीही तुमचं नाव ठेवून त्यात बदल करून नवीन बनवू शकतं. मला तर हे आवडतं.

व्हॉट्सॲपवर पाठवायचा असेल तर टर्बोवार्प पॅकेजर वापरा. आपली सेव्ह केलेली फाइल त्याला द्यायची, ते एक एचटीएमएल फाइल करून देतं, ती कुठल्याही ब्राउजरमध्ये उघडते, समोरच्याकडे स्क्रॅच असायची गरज नाही. विंडोजसाठीची पण करता येते. इच.आयओ या साइटवर ब्राउजरमधला गेम म्हणून पण टाकता येतो, तिथे ती एकच एचटीएमएल फाइल चालते, झिप दिलीत तर आतल्या मुख्य फाइलचं नाव इंडेक्स असावं लागतं, पॅकेजरमध्ये झिपचा पर्याय आहे.

टर्बोवार्पमध्ये एक ६० एफपीएसचं, म्हणजे सेकंदाला ६० फ्रेमचं, बटण आहे, मोहात पडून दाबू नका. दाबलंत की टोपली पण दुप्पट पळते आणि कैऱ्या पण धडाधड पडतात, घड्याळ मात्र तेच, कारण आपले सगळे आकडे "दर फ्रेमला" आहेत आणि फ्रेम दुप्पट झाल्या. आम्ही हे फॅमिली ग्रुपवर पाठवल्यावर कळलं.

पुढे काय

याच्यापुढे बंदुका-हेलिकॉप्टरवाल्यांसाठी गोडो आहे. अर्जेंटिनातल्या हुआन लिनिएत्स्की आणि आरिएल मान्सूर यांनी बनवलेलं गेम इंजिन, २०१४ पासून ओपन सोर्स, एमआयटी लायसन्स, गेम विकलात तरी कोणाला एक पैसा द्यायचा नाही. इन्स्टॉल पण करावं लागत नाही, झिप उघडा आणि चालवा. नवीन प्रोजेक्ट करताना रेंडरर (पडद्यावर चित्र काढणारा भाग) कुठला ते विचारतं, जुना लॅपटॉप असेल तर कंपॅटिबिलिटी निवडा. इथे मात्र कोड टाईप करावा लागतो, पायथनसारखा दिसतो. टायपिंग नकोच असेल तर जीडेव्हलप आहे, तो पण ओपन सोर्स, अट आणि कृती अशा ओळी मांडत जायचं, स्क्रॅच आलेल्याला अवघड नाही.

गोडोत गेलात तरी पहिला गेम हाच करा, कैरीचा. नवीन गेम आणि नवीन सॉफ्टवेअर दोन्ही एकदम शिकायला गेलं की चूक कुठे आहे तेच कळत नाही. स्क्रॅचमधला स्प्राइट म्हणजे तिथे नोड, क्लोनच्या जागी सीनचा इन्स्टन्स, ब्रॉडकास्टच्या जागी सिग्नल. तिथे आकडे दर फ्रेमला न ठेवता दर सेकंदाला ठेवतात आणि डेल्टा नावाच्या आकड्याने (मागच्या फ्रेमपासून किती सेकंद गेले तो) गुणतात, म्हणजे ६० एफपीएसवाला आमचा घोळ तिथे होत नाही. आपला टोपलीचा १० म्हणजे गोडोत सेकंदाला ३००. वेगातली ०.२ ची वाढ मात्र ३० ने दोनदा गुणायची, म्हणजे १८०. गोडोची खिडकी सुरुवातीला ११५२ बाय ६४८ असते, तेव्हा आडवे आकडे २.४ पट आणि उभे १.८ पट करून घ्या.

आणि तिथे शून्य मध्यभागी नसून डाव्या वरच्या कोपऱ्यात असतं आणि वाय खाली जाताना वाढतो. आमची पहिली कैरी झाडावरून सुटली आणि सरळ आकाशात गेली. तसं झालं तर बाकी काही शोधत बसू नका, फक्त वेगातलं उणे काढा.